ताईला आणायला, झडीतून

माझ्या सायकलला एकवीस गिअर होते, पुढे शॉकअप होता, दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक होते. कॅरियर नव्हता. डोंगरात चालवायच्या सायकलला कॅरियर नसतोच. हे मला इतकं साधं वाटत होतं, की त्यावरून अख्खं गाव हसेल असं कधी मनातही आलं नाही.

मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. हे मुद्दाम सांगतो, कारण ते सांगण्यासारखं आहे. आजोबा वर्ध्याकडून रेल्वेत खलाशी म्हणून रायपूरला आले, बाबा वॅगन दुरुस्तीत फिटर होते, आणि मी बी.एस्सी. होऊन नवीन राजधानीतल्या एका सरकारी ऑफिसात टेबलामागे बसतो. बसतो म्हणजे काय, बसवत नाही. खुर्चीत पाच मिनिटं झाली की पाय आपोआप हलायला लागतात. त्या पायांसाठी सायकल घेतली. रविवारी आमची टोळी नवीन राजधानीच्या रिकाम्या, विमान उतरावं एवढ्या रुंद रस्त्यांवर फिरते. तिथं डोंगर नाहीत, म्हणून आम्ही उड्डाणपूल चढतो आणि उतरतो, पुन्हा चढतो. खरा डोंगर मला हवाच होता. तो मिळाला, पण त्याला कारण माझी ताई.

वंदना, माझी मोठी बहीण. नर्सचं शिक्षण घेऊन ती जतमईच्या डोंगरापलीकडच्या एका गावी नोकरीला लागली आणि तिथल्याच शाळेतल्या साहू गुरुजींशी तिनं लग्न केलं. बाबा थोडे दिवस फुगले, मग वरातीत सगळ्यांत जास्त तेच नाचले. तेव्हा ही भांडणाची गोष्ट नाही. ही दोन सणांची गोष्ट आहे, जे एकाच दिवशी येतात.

भाद्रपदातली तृतीया. आमची हरतालिका, इकडच्या लोकांचा तीजा. महादेव तोच, पार्वती तीच, उपासही तोच. पण आपल्याकडे बाई जिथं असेल तिथं वाळूची पिंड मांडते आणि पूजा करते. छत्तीसगढी घरातली लग्न झालेली लेक मात्र तीजा माहेरीच करते. पोळा झाला की भाऊ किंवा बाप तिला न्यायला जातो. आदल्या संध्याकाळी ती माहेरच्या चुलीवरचा करूभात खाते. करू म्हणजे कडू, भातासोबत कारल्याची भाजी. दुसऱ्या दिवशी पाण्याचा थेंबही नाही. उपास सोडताना माहेरची नवी साडी. त्या दिवसांत रायपूरच्या बसस्टँडवर पाय ठेवायला जागा नसते, हे आम्ही लहानपणापासून पाहत आलो. शेजारी लेकी आल्या की तळलेल्या ठेठरी-खुरमीचं ताट आमच्याकडेही यायचं. आम्ही खायचो आणि म्हणायचो, त्यांच्यात असं असतं. आपलीच पोरगी आता त्यांच्यात राहते आणि तिच्या दारात कोणी भाऊ येत नाही, हे आमच्या घरात कोणाच्या डोक्यातच शिरलं नाही. लग्नाला चार वर्षं होऊन गेली होती.

यंदा पोळ्याच्या संध्याकाळी ताईचा फोन आला.

“संज्या, तीजाले मले घ्यायले येशील का रे?”

ताई सहसा काही मागत नाही. मी म्हटलं, “येतो.”

“खरंच येशील?”

“अवं येतो म्हटलं ना.”

बाबांना कळेना. “हरतालिका कुठंबी होते. तिथं वाळू नाही भेटत का?”

“वाळूचं नाही हो,” आई म्हणाली. “भाऊ नाही गेला तं पोरीची मान खाली जाते तिथं. मले हे आधी काहून नाही सुचलं?” आणि ती छत्री घेऊन बाहेर पडली ती विटकरी रंगाची साडी घेऊनच परतली.

आमच्या टोळीनं त्याच सुट्टीत जतमईला जायचं ठरवलं होतं. मी हिशेब जुळवला: पहिल्या दिवशी सायकलनं ताईच्या गावी, दुसऱ्या दिवशी सायकल बसच्या टपावर टाकून ताईला घेऊन संध्याकाळच्या करूभातापर्यंत घरी. पण बंगालच्या उपसागरात वादळ उठलं होतं, झड लागली होती, आणि रात्रीपर्यंत टोळीतले सगळे एकेक करून गळाले. कोणाचं पोट बिघडलं, कोणाच्या घरी पाहुणे आले. मला थांबणं शक्य नव्हतं. खरं सांगायचं तर थांबायचंही नव्हतं.

सकाळी मी हेल्मेट घालून, घट्ट चड्डी चढवून, पाठीवर सॅक बांधून निघालो, तेव्हा बाबा ओट्यावर चहा पीत होते.

“बहिणीले आणाले चालला का सर्कशीत?”

आईनं साडी, सासरी दाखवायला म्हणून, तीन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून सॅकमध्ये तळाशी ठेवली होती. “करूभाताच्या आधी आण तिले,” एवढंच म्हणाली.

नवीन राजधानी

शहराबाहेर पडेपर्यंत वारा घरांच्या आडोशानं होता. नवीन राजधानीच्या मोकळ्या रस्त्यावर आला आणि त्यानं मला धरलंच. इकडे वादळी वाऱ्याला गर्रा म्हणतात. तो शब्द उच्चारला तरी पत्रा फाटल्यासारखं वाटतं. उजवीकडून झोत यायचा, मी सायकल उजवीकडे कलती धरायचो, झोत एकदम थांबायचा आणि मी रस्त्याच्या मधोमध जायचो. नशीब, रस्त्यावर माझ्याशिवाय फक्त गाई होत्या. राजधानीच्या दुभाजकावर, फुलांच्या झाडांमध्ये, पावसाकडे पाठ करून रांगेनं बसलेल्या. आपल्या मंत्र्यासंत्र्यांसाठी बांधलेल्या रस्त्याचा खरा उपयोग त्यांनाच कळलाय असं वाटलं.

एका गेटवरच्या पहारेकऱ्यानं केबिनमधून मान काढली. “भैया, इतने तूफान में कहाँ?”

“बहन को लेने. तीजा.”

तो एकदम सरळ उभा राहिला. “अच्छा अच्छा, जाओ, जाओ. जल्दी जाओ.” तोवर मी त्याला खुळा वाटत होतो. तीजा म्हटल्यावर शहाणा झालो. 

रपटा

राजिमच्या पुलावरून महानदी पाहिली. एरवी तिच्यात पाणी शोधावं लागतं. आज ती या काठापासून त्या काठापर्यंत चहाच्या रंगाची होऊन चालली होती, आणि तिच्या मधोमध एक आख्खं झाड मुळं वर करून निघालं होतं. पुलाच्या तोंडाशी टपरीवर तांदळाच्या पिठाचा गरम चीला खाल्ला, टमाट्याच्या चटणीसोबत. आमच्या आईच्या धिरड्याचाच भाऊ, फक्त अंगानं पातळ आणि स्वभावानं तिखट. अजून एक घ्यावासा वाटत होता, पण पाय वाट पाहत होते.

ताईच्या गावाला डांबरी रस्त्यानं जाताना मध्ये एक रपटा लागतो. रपटा म्हणजे नाल्यावरून काढलेला बुटका सिमेंटचा रस्ता. पाणी चढलं की पहिला तोच बुडतो. मी पोचलो तेव्हा तो दिसतच नव्हता. फक्त त्याच्या जागी पाणी जरा जास्त उसळत होतं. आणि अलीकडे, झाडांखाली, छत्र्या आणि प्लास्टिकच्या खोळी पांघरून, पुरुषांची रांग उभी होती. प्रत्येकाच्या हातात एक पिशवी. मला समजायला क्षण लागला. हे सगळे भाऊ होते. पलीकडच्या गावांतल्या बहिणींना न्यायला आलेले, आणि पाण्यानं अडवलेले.

त्यांतला सगळ्यांत म्हातारा, धोतर गुडघ्यावर खोचलेला, माझ्याकडे नखशिखांत पाहून म्हणाला, “कहाँ जाथस बाबू?”

“तीजा लेगे बर,” मी म्हटलं. तीजाला न्यायला. एवढी छत्तीसगढी मला रायपूरच्या गल्लीनं शिकवली आहे.

म्हाताऱ्यानं सायकलभोवती एक फेरी मारली. मागच्या चाकापाशी थांबला. चाकाच्या वरच्या रिकाम्या जागेत हात फिरवला.

“अउ बहिनी ला कामा बइठारबे?” बहिणीला बसवशील कशावर?

सगळी रांग हसली. अडकलेली माणसं फार मोकळं हसतात. मी सांगायला लागलो की ही डोंगरातली सायकल आहे, परत बसनं जाणार आहे, वगैरे. कोणीतरी म्हणालं, बस तर कालपासून रपट्यापलीकडे जातच नाही भैया. पुन्हा हशा. मला राग आला. माझा राग पायांत जातो.

डोंगरावरून एक वाट आहे हे मला ठाऊक होतं. टोळीसाठी मीच ती मोबाईलच्या नकाशावर शोधून ठेवली होती: जतमईच्या देवळापासून वर चढून, माथ्यावरून पलीकडे ताईच्या गावाच्या शिवारात उतरणारी गुरांची पायवाट. तिला नाला ओलांडावा लागत नाही. ताईच्या गावाचं नाव सांगून मी सायकल वळवली.

म्हाताऱ्यानं माझं हँडल धरलं. आता तो हसत नव्हता. “त्याच गावात माझी बहीणही असते,” तो म्हणाला, “मोर दीदी ला बता देबे, मंय रपटा मेर ठाढ़े हंव.” माझ्या बहिणीला सांग, मी रपट्यापाशी उभा आहे. तिचं नाव समारिन. घर चौकातलंच, निळ्या दाराचं. त्याचं वय सत्तरीच्या आसपास असेल, आणि ही तर त्याची मोठी बहीण. मी हो म्हटलं. निघालो.

जतमई

एरवी पावसाळ्याच्या सुट्टीत जतमईला जत्रा असते. देवळाला वेढून पाणी उडी मारतं, खाली पोरं भिजतात, बायका फोटो काढतात. त्या दिवशी दुकानांवरचे पत्रे धडधडत होते आणि धबधब्याच्या आवाजात घंटाही ऐकू येत नव्हती. एकच चहावाला होता. त्यानं गरम भजी माझ्या पुढ्यात ठेवली.

“ऊपर मत जाओ. बिजली गिर रही है.”

“थांबलो तर उजेड जाईल,” मी मराठीतच म्हटलं, त्याला का स्वतःला कोण जाणे. भजी तोंडात, तोंड पोळलेलं, मी निघालोही.

चढ मी चढलो नाही, सायकल चढवली. खांद्यावर घेऊन. लाल माती बुटांना अशी चिकटली की प्रत्येक पावलाला बूट मोठा होत गेला. सालाची झाडं वर एकमेकांवर घासत होती, करवतीसारखा आवाज. माथ्यावर झाडं विरळ झाली आणि आकाश एकदम डोक्याला लागलं. वीज लांब पडली, मग जवळ, मग इतक्या जवळ की आवाज आणि उजेड वेगळे राहिले नाहीत. माझ्या तोंडाला लोखंडाची चव आली. सायकल टाकून खोलगट जागेत उकिडवा बसलो, बी.एस्सी.च्या पुस्तकात सांगितल्याप्रमाणे. तिथं बसून पहिल्यांदा मनात आलं, की ताईनं वाट पाहिली आणि मी इथंच राहिलो, तर ते न येण्यापेक्षा वाईट. पण पाय तेव्हाही हलत होते. उठलो.

आणि मग उतार. हे कसं सांगू? उड्डाणपुलावर सायकल खाली येते, इथं ती पडते आणि तुम्ही तिच्यासोबत पडायचं नाही एवढंच काम असतं. बूड सीटच्या मागे, कोपर बाहेर, दोन बोटं ब्रेकवर. वाटेचा ओढा झालेला. मुळांवरून चाक घसरायचं, खडकावर पकडायचं, पुन्हा घसरायचं. पाऊस डोळ्यांत सुयांसारखा. मी ओरडत होतो, भीतीनं का आनंदानं ते विचारू नका. वर्षभर टेबलाखाली हलणारे माझे पाय त्या उतारावर पहिल्यांदा शांत होते.

मग कडाड् झालं. वीज नव्हे, वाऱ्यानं पाडलेली एक फांदी मागच्या चाकात गेली आणि गिअर बदलणारं यंत्र मुळासकट उपटून आलं. चेन लोंबायला लागली. हत्यारं होती माझ्याजवळ. चिखलात बसून चेन तोडली, आखूड केली, मधल्या एका दातेरी चकतीवर बसवली. एकवीसपैकी एक गिअर उरला. दूधवाल्याच्या सायकलला असतो तेवढा.

ताईचं गाव

गावात शिरलो तेव्हा उजेड मावळत होता. चौकात निळं दार होतं, आणि दाराच्या ओट्यावर पांढऱ्या केसांची एक बाई भिंतीला टेकून बसली होती. अंगावर धुतलेली साडी, केसांना तेल, मांडीवर घट्ट धरलेली कापडी पिशवी. पाऊस ओट्यापर्यंत उडत होता, तरी हलली नव्हती.

“समारिन दाई?”

“हव.”

मी निरोप सांगितला. तिला काहीच नवल वाटलं नाही. “जानत हंव,” ती म्हणाली. म्हणे, पाऊस असला की तो दर वर्षी रपट्यापाशीच अडकतो, आणि पाणी उतरलं की येतो. लहानपणापासून तो असाच उशिरा. पिशवीची गाठ तिनं पुन्हा एकदा चाचपली आणि रस्त्याकडे पाहत बसली.

ताईचं घर दोन वळणं पुढे. अंगणात पडवीखाली ती सुपात तांदूळ पाखडत होती. तिनं वर पाहिलं. मी पायापासून हेल्मेटपर्यंत लाल मातीचा झालो होतो.

“कोन?” ती छत्तीसगढीत म्हणाली.

“मी आहे ना अवं. संज्या.”

सूप तसंच हातात. “आला?” मग ते खाली ठेवून, “खरंच आला?”

ताईच्या सासूबाई आतून आल्या, मला पाहिलं, आणि आमच्याशी न बोलता थेट कुंपणापलीकडे बघून खणखणीत ओरडल्या, “बहू के भाई आगे! तीजा लेगे बर!” सुनेचा भाऊ आला, तीजाला न्यायला! शेजारच्या दोन घरांतून माणसं बाहेर आली. सासूबाईंनी रिवाजाप्रमाणे लोटाभर पाणी माझ्या हातात दिलं. पाय धुतले; तीन लोटे लागले. तोवर त्यांचं लक्ष सायकलवर गेलं होतं. त्या मागच्या चाकापाशी गेल्या. मला पुढचं माहीत होतं.

“ह्यात कॅरियर कुठंय?” त्यांनी विचारलं, आणि शेजारणी पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. साहू गुरुजी, म्हणजे माझे जीजाजी, माझी बाजू घ्यायला म्हणाले, “अम्मा, ये पहाड़ वाली साइकिल है.” सासूबाई म्हणाल्या, म्हणजे डोंगराला न्यायला आला आहे का हा?

हशा होऊ दिला. पण माझी नजर दुसरीकडे होती. समारिनच्या मांडीवर पिशवी होती. ताईच्या पडवीत, खाटेवर, खुंटीवर, कुठंही बांधलेली पिशवी नव्हती. मी आदल्या संध्याकाळीच येतो म्हणून सांगितलं होतं, आणि तिनं एक साडीसुद्धा घडी करून ठेवली नव्हती.

चुलीशी बसून ताईनं मला गरम भात आणि कढी वाढली, सोबत ठेठरी. मी विचारलं, “तयारी काहून नाही केली?”

“बांधलेली पिशवी परत सोडाले लागते ना, तं लई जीवावर येते,” ती म्हणाली. “पहिल्या वर्षी बांधली होती.”

“मग सांगायचं ना आम्हाले.”

“सांगून आणलेला भाऊ तो काय भाऊ? असं वाटे.” तिनं चुलीत लाकूड सारलं. “सासूबाई दर वर्षी पुसे. मइके ले कोन आवत हे? माहेरून कोन येऊन राहिलं? मी सांगो, आमच्यात नसते तसं. त्या काही बोलत नव्हत्या. यंदा पोळा झाला, अन् त्यायनं पुसलंच नाही.”

एवढंच. त्यांनी पुसलं नाही, म्हणून तिनं फोन केला.

मी ठेठरी चावत राहिलो. बाहेर वारा कौलं उचलून पाहत होता.

परतीची वाट

सकाळी पाऊस बारीक झाला होता, पण जीजाजी रपटा पाहून आले. “पाणी अजून वरूनच जाऊन राहिलं,” ते म्हणाले. आमच्या घरी बोलून बोलून त्यांची मराठी आता नागपूरला खपेल. “दुपारी उतरेल, नाही तर संध्याकाळी.”

संध्याकाळी करूभात होता. रायपूरला. मी दारात आत-बाहेर करत होतो.  ताई तांदळाचं सूप पुन्हा हातात घेईल की काय अशी मला भीती वाटली. तेवढ्यात सासूबाई आतल्या खोलीतून एक लाल कापडी पिशवी घेऊन आल्या, जुनी, कडांना झिजलेली. ही पिशवी घेऊन त्या स्वतः आपल्या भावासोबत माहेरी जायच्या. भाऊ वारला, तेव्हापासून ती पेटीत होती. ती त्यांनी ताईच्या पुढ्यात ठेवली.

“भर,” त्या म्हणाल्या. “डोंगरवाला भाऊ आहे ना? डोंगरानं जा.”

ताईची स्वतःची सायकल होती, बायकांची, काळी, दणकट, मागे कॅरियरवाली. नोकरीपायी ती रोज पाऱ्यापाऱ्यावर, म्हणजे वस्तीवस्तीवर, याच सायकलनं फिरते, लसी देत, बाळंतिणी बघत. लाल पिशवी त्या कॅरियरवर दोरीनं आवळली. ताईच्या अंगात सलवार, कमरेला ओढणीची गाठ, आणि निघालो. गावाच्या वेशीपर्यंत सासूबाई सोबत आल्या. पावसात जितक्या हळू चालता येईल तितक्या हळू, म्हणजे वाटेतल्या प्रत्येक घरानं नीट पाहावं.

निळ्या दारात समारिन होती. तशीच. ताईनं हाक मारली, “दाई, जात हंव!”

“जा नोनी, जा. मोरो आवत हे.” माझाही येतोय.

जंगलात शिरल्यावर खरी गंमत सुरू झाली. ताईच्या सायकलचे मडगार्ड चिखलानं भरले आणि चाक जागीच बसलं. काडीनं माती काढायची, दहा पावलं, पुन्हा बंद. माझ्या सायकलला मडगार्ड नाहीत, ती चालत होती. मी वारंवार मागे वळून थांबत होतो, घड्याळ बघत होतो, आभाळ बघत होतो. शेवटी ताई वैतागली.

“ते इकडे दे.”

“काय?”

“तुही सायकल. अन् तू हे घे. तू लोटत ये, तुले असंबी एका जागी उभं राहवत नाही.”

“अवं, ही चालवणं सोपं नाही. वजन मागे टाकाले लागते, ब्रेक एकदम दाबला तं...”

“गिअर कुठून बदलते?”

“एकच उरला.”

“बरं झालं,” म्हणाली, आणि हेल्मेट माझ्या डोक्यावरून काढून स्वतःच्या डोक्यावर चढवलं.

माथ्यापर्यंत तिनंही खांद्यावरच नेली. पण जतमईच्या बाजूचा उतार लागला आणि ती गेली. मी काळी सायकल ढकलत, लाल पिशवी सांभाळत, मागून बघत होतो. सांगितलेलं काही करत नव्हती. वजन मागे टाकत नव्हती, सीटवर नीट बसून, पाठ ताठ, जसं काही पाऱ्यावर लसीकरणाला निघाली आहे. मुळांवरून सायकल उडाली, तिनं आमची आई भाजीवाल्याशी बोलताना काढते तसला आवाज काढला, आणि वळणाआड गेली. मग खालून तिचं हसणं आलं. आमच्या बूढापाऱ्याच्या गल्लीत ती अशी हसायची, तलावाच्या उतारावर सायकल सोडून. मी ते विसरलो होतो.

खाली चहावाल्यानं आम्हाला पाहिलं आणि न विचारता दोन चहा ठेवले.

बस मिळण्यासाठी रपट्याच्या अलीकडच्या फाट्यावर यायचं होतं. तिथं भावांची रांग तशीच होती, कालच्यापेक्षा लांब. पाणी उतरायला लागलं होतं. रपट्याच्या कडेचे दगड दिसत होते. पुढे ताई, माझ्या सायकलवर, माझ्या हेल्मेटमध्ये. मागे मी, बायकांच्या सायकलवर, कॅरियरला लाल पिशवी. कालचा म्हातारा पुढे आला, कपाळावर हात धरून बघितलं, आणि मागे वळून अख्ख्या रांगेला ओरडून सांगितलं:

“देखव रे! बहिनी ह भाई ला लेगत हे!”

बहीणच भावाला घेऊन चालली! काय हसले सगळे. ताई सगळ्यांत जास्त. मी पण हसलो, काय करता.

ताई त्याच्यापाशी थांबली. “बबा, तुमची दीदी पिशवी धरून ओट्यावर बसली आहे,” तिनं त्यांच्या बोलीत सांगितलं. म्हाताऱ्यानं लगेच धोतर आणखी वर खोचलं, पिशवी डोक्यावर घेतली आणि पाण्याच्या कडेशी जाऊन उभा राहिला, सगळ्यांच्या पुढे. आमची बस सुटली तेव्हा मी खिडकीतून पाहिलं, पहिले दोघं-तिघं हात धरून रपट्यावर उतरत होते.

बूढापारा

बस बायकांनी आणि पिशव्यांनी ठासून भरली होती. ताईला खिडकी मिळाली, मला दार. टपावर दोन सायकली. राजधानीच्या रुंद रस्त्यावरून येताना गाई दुभाजकावर तशाच बसल्या होत्या.

गल्लीच्या तोंडाशी बाबा छत्री घेऊन उभे. आई नंतर म्हणाली, जेवण झाल्यापासून तिथंच होते. चहाला बोलावलं तर म्हणाले, इथं हवा बरी लागते. ताईला पाहून ते म्हणाले, “वंदे, वाळू आणून ठेवली आहे तुझ्यासाठी. चाळून.” आणि लाल पिशवी हातात घेऊन पुढे चालू लागले.

आईनं कारल्याची भाजी केली होती. शेजारच्या वर्मा काकूंना विचारून, त्यांच्या पद्धतीनं. कडू म्हणजे कडू, आईला त्यात गूळ घालायचा मोह आवरता आला नव्हता तरी. ताईनं दोनदा घेतली. भाताचा शेवटचा घास कारल्यासोबत खाऊन तिनं ताटाला हात लावून नमस्कार केला, असं आमच्यात कोणी करत नाही. बाबा बघत होते. त्यांनीही थोडं कारलं मागून घेतलं, जे ते आयुष्यात खात नाहीत.

दुसऱ्या दिवशी तिनं वाळूची पिंड मांडून हरतालिका केली आणि वर्मा काकूंकडे जाऊन तीजाही. नंतरच्या दिवशी विटकरी साडी.

तिला जीजाजींनी परत नेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून आलो तर अंगणात लोखंड कापल्याचा वास. बाबांनी जुनी हत्यारांची पेटी उघडली होती. माझ्या सायकलच्या मागच्या चाकावर त्यांनी पट्ट्या वाकवून, भोकं पाडून, बोल्ट आवळून एक कॅरियर बसवला होता. वॅगनचा फिटर तो. हत्तीही बसला असता.

“बाबा! ही डोंगरातली सायकल आहे!”

“मग? बहीण काय सपाटीवर राहते का तुही?” त्यांनी शेवटचा बोल्ट ओढून पाहिला आणि आत हाक मारली. “अवं, जरा इकडे ये. बस यावर. वंदीचं वजन तुझ्याइतकंच असंन.”

आई हात पुसत बाहेर आली, कॅरियरवर बसली, आणि बाबांनी मला मानेनंच सांगितलं: चल, तलावापर्यंत एक चक्कर.